सुय ती सुय

कात्री नवी होती. दुकानदाराच्या हातातून माझ्या हातात येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

भाची नुकतीच शिवण शिकायला लागलीय. तिच्यासाठी सामान घ्यायला कुडाळच्या बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरात शिरले. बाहेर आषाढ कोसळत होता आणि त्या पावसापुरते आत आलेले एक काका काउंटरला टेकून उभे होते. पायाशी सुपारीच्या रोपांची जुडी. खरेदी काही नाही, मत मात्र प्रत्येक वस्तूवर.

दुकानदाराने आधी तो शिवणाचा तयार डबा पुढे केला. मी त्यातला दोरा हातभर सोडवून झटका दिला, तट्! असा दोरा मशीनवर दर वितीला तुटतो आणि शिकणाऱ्या पोरीला वाटतं, आपलाच हात वाईट. टेप स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. बारा इंचांत दोन सुतांचा (पाव इंचाचा) फरक, म्हणजे छत्तीसच्या छातीला पाऊण इंच गेलाच. टाचण्यांची डोकी प्लास्टिकची. इस्त्री लागली की वितळून कापडाला चिकटणार. काचेच्या डोक्याच्या मागितल्या.

"सगळा एकात गावता मा, मगे नको कित्याक?" काका.

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि मशीनच्या सुया मागितल्या. घरच्या मशीनच्या, चपट्या दांड्याच्या; गोल दांड्याच्या असतात त्या कारखान्यातल्या मशीनच्या. मलमलीला 11 नंबर, साध्या सुती कापडाला 14, जीन्सला 16. हातशिलाईच्या सुयांचं मात्र उलटं, तिथे नंबर वाढला की सुई बारीक. हे मी दुकानातल्या पोऱ्याला समजावत होते, काकांना नव्हे.

"उलटा-सुलटा कित्याक? सुय ती सुय. तुका काय विमान शिवूचा आसा?"

अख्खं दुकान हसलं. ब्लाउजपीस उजेडात धरून रंग जुळवणारी बाईसुद्धा. वर काकांना चेव आला. "माझ्या आवशीन एकाच सुयेन आमच्या आठ जणांचे कपडे शिवल्यान. ती सुय अजून आसा."

"अजून?"

"गंजली. पण आसा."

आता काय बोलणार! मशीनवर साधारण आठ तास शिवलं की सुई बदलायची असते. बोथट सुई टाके सोडते, कापडाचे धागे ओढते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तर न वापरताही गंज धरतो आणि पहिला डाग हमखास पांढऱ्या कापडावर उमटतो. म्हणून सुया घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात, सोबत औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी टाकावी, आणि कात्रीच्या पात्यांवरून मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं. काकांच्या आईकडे एवढ्या सुया नव्हत्या, हे मला कळतं. पण म्हणून माझं हसं का?

शेवटी कात्री. नऊ इंची, वाकड्या मुठीची, म्हणजे कापताना खालचं पातं टेबलावर सपाट सरकतं आणि कापड उचललं जात नाही. सांध्याला रिव्हेट नको, स्क्रू हवा; ढिली झाली तर आवळता येते. ओल्या चिंधीची चौपदरी घडी टोकाने कापून पाहिली. सुर्रकन कापली गेली. साडेसहाशे मोजले आणि पोऱ्याला बजावलं, "भाचीलाही सांगणार आहे, हिने कागदसुद्धा कापायचा नाही."

पैसे पर्समध्ये चाचपत होते, तेवढ्यात कर्रर्र झालं. काकांनी काउंटरवरची कात्री उचलून जुडीच्या सुंभाचं लोंबतं टोक कापलं होतं. सुंभ! काथ्या, वर त्यात अडकलेली रेती.

"बघलंस? कातर बरी आसा. घे बिनधास्त."

दुकानदार म्हणाला, वापरलेला माल बदलून मिळणार नाही. वापरलेला! काका पावसातच निघून गेले, एक बटणही न घेता.

घरी येऊन पुन्हा चिंधी भिजवली. टोक अजून झकास कापतं. मधोमध, सुंभ चावला तिथे, कापड दुमडून पात्यांमध्ये बसतं. धार लावणारा आता पाऊस सरल्यावरच दारावर येईल. तोवर भाचीला सांगितलंय, टोकानेच काप.