बाद पद्धतीचा वार्षिक छळ

प्रतापनगरातल्या आमच्या पोकर मंडळाची ‘एकास एक’ स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात भरते, कारण पारा 45 अंशांवर गेल्यावर कूलरसमोरून उठण्याची इच्छा नागपुरात कोणालाच नसते. सोडत काढण्याचे आणि निकाल वहीत उतरवण्याचे काम माझ्याकडे असल्याने तिचा इतिहास लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो, आणि तो इतिहास मुख्यतः भांडणांचा आहे.

पहिल्या वर्षी अंतिम सामन्याच्या मध्यावर वीज गेली, तेव्हा उपस्थितांनी मतदान करून एका निवृत्त अभियंत्यांना अजिंक्य ठरवले. याला आधार होता. लास वेगासमध्ये 1970 साली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू झाली, तेव्हा जॉनी मॉस हा पहिला विजेताही खेळाडूंच्या मतांनीच निवडला गेला होता. तिथे मते खेळ पाहून पडली, आमच्याकडे घरी जाण्याच्या घाईने पडली, एवढाच फरक.

खरा छळ दुसऱ्या वर्षापासून सुरू झाला. आठ जणांच्या टेबलावर वाईट पत्ते टाकून आलूबोंडे खात बसता येते, आणि आमच्या मंडळाची मूळ शैली तीच होती. दोघांच्या खेळात मात्र प्रत्येक डावाला दोघांपैकी एकाला छोटा आणि दुसऱ्याला मोठा ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीची सक्तीची पैज, भरावाच लागतो, त्यामुळे चांगल्या पत्त्यांची वाट पाहणारा सभ्य गृहस्थ काही न खेळताच कंगाल होतो. शिवाय येथे छोटा ब्लाइंड पत्ते वाटणाऱ्याने भरायचा असतो, तोच पैजांच्या पहिल्या फेरीत आधी बोलतो आणि नंतरच्या सर्व फेऱ्यांत शेवटी. मोठ्या टेबलाच्या सवयीने ‘वाटणाऱ्याच्या डावीकडचा भरतो’ असे ठामपणे सांगणाऱ्या काकांना मी हा नियम छापील कागदावर दाखवला, तेव्हा “काहून, डावीकडे तर हाच बसला आहे ना?” असा प्रश्न त्यांनी केला, आणि दोघेच समोरासमोर असल्याने त्याला उत्तर देणे कठीण होते.

पैशांऐवजी आम्ही चिंचोके वापरतो. एका वर्षी अंतिम सामन्यात चिंचोके वाटल्यापेक्षा जास्त भरले, आणि तेव्हापासून प्रत्येकावर जांभळ्या शाईचा ठिपका असतो. सलग दोन वर्षे कूलरच्या झोताने पत्ते उलटे पडल्यामुळे टेबल आता कूलरपासून दोन हात दूर ठेवले जाते आणि खेळाडू घामाने निथळतात. सोडतीत पहिल्याच फेरीत पती-पत्नी समोरासमोर आले, त्या वर्षानंतर दांपत्यांना दोन वेगळ्या गटांत टाकण्याचा ठराव झाला. त्या सामन्यात वहिनींनी नवऱ्याच्या भुवया वाचून त्यांना अर्ध्या तासात संपवले होते.

हाती वाटल्या जाणाऱ्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते आणि कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध साधारण 85 टक्के वेळा जिंकते. गतवर्षी ती आमच्या बँक अधिकाऱ्यांच्या हाती आली, त्यांनी सर्व चिंचोके पुढे सरकवले आणि किलवर सत्ती व चौकट दुर्रीपुढे ते बाद झाले. उरलेले 15 टक्के कोणाच्या घरचे, असे ते त्या रात्री जेवणापर्यंत विचारत होते. यंदा सत्ती आणि दुर्री या दोन्ही पत्त्यांवर बंदी घालण्याचा लेखी ठराव त्यांनी माझ्याकडे दिला आहे, आणि त्यावर अनुमोदक म्हणून काकांची सही आहे.