लेथ मशीनचं अवमूल्यन

"सर, एकसारखेपणा हवा म्हणून केलं." हे कारण! तीन रात्री जागून भोसरीच्या एका कारखान्याचा अहवाल मराठीत केला आणि तो तपासणाऱ्या महाभागानं एका फटक्यात 'घसारा' काय, 'घसरण' काय, सगळीकडे 'अवमूल्यन' ठोकून दिलं. पान ११: 'लेथ मशीनचे अवमूल्यन'. कोण करणार ते? अर्थमंत्री? रात्री आठ वाजता टीव्हीवर येऊन?

अरे, ६ जून १९६६ ला सरकारनं डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातवर नेला, ते डिव्हॅल्यू, म्हणजे अवमूल्यन. १९९१ च्या जुलैत १ तारखेला आणि परत ३ तारखेला, तेही डिव्हॅल्यू. कुणीतरी बसून ठरवून खाली आणतं. बाजारात रुपया आपला आपण घरंगळतो तो डेप्रिशिएट, म्हणजे घसरण. आणि लेथ बिचारी झिजते, तिचा घसारा. इंग्रजीत या दोघांना एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन आहेत, तर हा गडी तेही पुसून टाकतोय!

पण याला एकट्याला काय बोलायचं. रुपया पाच पैसे हलला की बातम्यांत 'अवमूल्यन'. हिंजवडीतला भाचा म्हणतो, "मामा, ते फंक्शन डेप्रिशिएट झालंय." डेप्रिकेट रे बाबा! चालतंय अजून, फक्त वापरू नका म्हणतात. किमतीचा काय संबंध? "तेच ना." तेच नाही!!

डेप्रिसिएशनचा अर्थ पक्का कळलेला माणूस मला आयुष्यात एकच भेटला. विमावाला. बंपर प्लॅस्टिकचा म्हणून निम्मे पैसे कापले, आणि वर शांतपणे समजावूनही सांगितलं.

एव्हाना माझा आवाज इतका चढला होता की बायकोनं उठून खिडकी लावली. "शब्दामागे दर तोच आहे ना चार वर्षं? त्याला काय म्हणतात ते बघा आधी," म्हणाली. हिला आत्ताच सुचायचं होतं.

तर मी तणतणत मेल लिहिली. कडक. शेवटची ओळ: 'आपण माझ्या कामाचे अवमूल्यन केले आहे.' पाठवली. दोन मिनिटांत उत्तर: "बघा सर, बसतोय की शब्द."

आणि बसतोय हो. ठरवूनच केलंय ना त्यानं.