शेतकरी अडाणी म्हणून नांगर सुटत नाही?

उन्हाळी नांगरटीचे दिवस आले की शेतीच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नांगर म्हणजे मातीचा खून. जगाने नांगर केव्हाच टाकला. नांगर थांबवला की निसर्ग तण आपोआप आवरतो. आपला शेतकरी मात्र अडाणीपणाने आणि बापजाद्यांच्या सवयीने ट्रॅक्टर लावतो. त्याला मातीचं मोल पटवा, यंत्राला अनुदान द्या, तीन वर्षांत अख्खा महाराष्ट्र विनानांगरणी होईल. खाली हात जोडलेले आणि ‘दहा ग्रुपवर पाठवा’.

मातीबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे. उताराचं रान एप्रिलमध्ये नांगरून उघडं टाकलं तर जूनच्या पहिल्या दणक्यात वरची माती ओढ्याला जाते. मशागतीच्या पाळीवर पाळी घातली की मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याचा सत्त्वांश, जळतो. त्यावर वाद नाही. वाद आहे तो शेतकरी नांगर का धरून बसतो, या निदानावर.

‘जगाने नांगर टाकला’ हे आधी निकालात काढू. कमीत कमी मशागत, वर पिकाच्या अवशेषांचं आच्छादन आणि पिकांची फेरपालट अशी शेती 2018-19च्या सुमारास जगात साधारण 20 कोटी हेक्टरांवर होती. आकडा मोठा दिसतो, पण एकूण पीकक्षेत्राच्या तो जेमतेम 15 टक्के भरतो. त्यातही मोठा वाटा ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या शेकडो हेक्टरांच्या शेतांचा. महाराष्ट्रात 2015-16च्या कृषी गणनेनुसार सरासरी खातं 1.34 हेक्टरचं. तिथला दाखला इथे जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

आता अडाणीपणाचा मुद्दा. ज्या भागांत नांगर खरोखर सुटला, तिथे तो कशामुळे सुटला ते बघा.

अमेरिकेत 1930च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी माती कशी उडून जाते ते सगळ्या देशाला दिसलं होतं. जागृतीच पुरेशी असती तर नांगर तेव्हाच सुटायला हवा होता. व्यापारी शेतीत विनानांगरणीचा मक्याचा प्लॉट केंटकीत उभा राहिला तो 1962 साली, तणनाशकं हाताशी आल्यावर. ब्राझीलच्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने पावसात आपली माती वाहून जाताना पाहिली, केंटकीला जाऊन पद्धत बघितली, तिथून पेरणी यंत्र मागवलं आणि 1972मध्ये नांगराविना पेरलं. पण शेजारीपाजारी मोठ्या संख्येने वळले ते बऱ्याच वर्षांनी, ग्लायफोसेट हे तणनाशक स्वस्त झाल्यावर आणि शेतकऱ्यांनी आपापले गट करून एकमेकांच्या चुका वाटून घेतल्यावर.

आपल्या देशातलं उदाहरण हरियाणाचं आहे आणि ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. भात निघाला की गव्हाला उशीर होतो, आणि रान तयार करायला सहा-आठ पाळ्या. नव्वदच्या दशकात तिथल्या गव्हातल्या गुल्ली डंडा या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे नेहमीचं औषध चालेनासं झालं. काही शेतांत गहू कापून गुरांना घालायची पाळी आली. त्याच वेळी लक्षात आलं की माती हलवली नाही तर हे तण कमी उगवतं. शिवाय डिझेल वाचतं आणि पेरणी लवकर आटोपते. पंतनगर विद्यापीठात घडलेलं झिरो टिल ड्रिल, म्हणजे न नांगरता पेरणारं यंत्र, पंजाब-हरियाणातल्या छोट्या कारखान्यांनी स्थानिक सोयीनुसार बनवायला घेतलं. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी भाड्याने पेरून घेतलं. गांडुळांवर व्याख्यान ऐकून हे झालेलं नाही. तण, डिझेल आणि तारीख, तिन्ही हिशेब एकाच हंगामात जुळले म्हणून झालं.

कोकणातही तेच दिसतं. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही भाताची पद्धत घ्या. एकदा गादीवाफे करायचे ते कायमचे. त्यावर लोखंडी साचा दाबून खड्डे पाडायचे आणि दाणे टाकायचे. कापणी करताना बुडखा जागेवर ठेवायचा, मुळं वाफ्यातच कुजू द्यायची. पुढच्या पावसाळ्यात जुन्या मुळांच्या पोकळ्यांतून पाणी मुरतं आणि वाफ्यावर गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग दिसतात. दिसायला हे सुंदर आहे. पण शेतकऱ्याला विचारा, पहिलं उत्तर गांडूळ नसतं. ‘चिखलणी गेली, राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून जागा भाजणं) गेला, लावणीला माणसं शोधायची कटकट गेली.’ जिथे घरातली तरणी पोरं मुंबई-पनवेलला कामाला गेली, तिथे या वाक्याचं वजन काय ते मेसेज लिहिणाऱ्याला कळेलसं वाटत नाही.

‘निसर्ग तण आवरतो’ हे वाक्य हराळी आणि लव्हाळा ही चिवट तणं ज्याने स्वतःच्या रानात बघितलीत तो लिहिणार नाही. भर उन्हात खोल नांगरून हराळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, वर आणून वाळवायच्या, हीच तर उन्हाळी नांगरटीमागची अक्कल आहे. नांगर काढून घेतला की ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं: खुरप्याने, दाट आच्छादनाने किंवा तणनाशकाने. खुरपणीला माणूस मिळत नाही, आच्छादनाचं पुढे येतंच. उरलं तणनाशक. एसआरटीतही ते वापरलं जातं. आणि ऑक्टोबर 2022मध्ये केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करायची. आदेश योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण जी पद्धत बऱ्याच अंशी या एका औषधावर उभी आहे, तिच्यात उतरताना शेतकरी दहादा विचार करणार.

‘शिकलेला, तरुण, मोठा शेतकरी लगेच स्वीकारतो’ असंही मेसेजमध्ये मध्येच घुसडलंय. 2007मध्ये डंकन नोलर आणि बेन ब्रॅडशॉ या संशोधकांनी शेतकरी अशी माती राखणारी शेती का स्वीकारतात यावरचे जगभरातले अभ्यास एकत्र तपासले. शिक्षण, वय, जमिनीचा आकार यांतलं सगळीकडे सारखं लागू पडणारं कारण त्यांना जवळजवळ सापडलंच नाही. एका ठिकाणी शिक्षण उपयोगी पडतं, दुसऱ्या ठिकाणी त्याचा काहीच संबंध दिसत नाही.

मातीचं मोल पटवण्याबद्दल. समजा पटलं. पण जमीन कुणाची? आपल्याकडे कूळकायद्याने कसणाऱ्याचा हक्क लागेल या धास्तीने मालक जमीन तोंडी देतो, एका सालासाठी, खंडाने किंवा बटईने. पुढच्या पाडव्याला तीच जमीन दुसऱ्याकडे जाऊ शकते. माती सुधारायला तीन-चार वर्षं लागतात आणि पहिल्या वर्षी पिकाचा उतारा घटायची भीती असते. ओळखीचे एक बटईदार मला म्हणाले, ‘भाऊ, कर्ब मी वाढवायचा आणि सोयाबीन दुसऱ्याने काढायचं?’ त्यांना माती कळत नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मग आच्छादन. ज्वारीचा कडबा दावणीला जातो, काही वर्षी धान्यापेक्षा कडब्याचेच पैसे बरे होतात. सोयाबीनचं भुसकट विकलं जातं. कापूस-तुरीच्या पऱ्हाट्या-तुराट्या चुलीला जातात. आणि समजा एखाद्याने सगळं रानात ठेवलं, तरी सुगी संपल्यावर गावची गुरं मोकळी सुटतात. त्यांना बांध समजत नाही. आच्छादन ठेवायचं की नाही हा एकट्या शेतकऱ्याचा निर्णय नाही, चराईबंदीचं गावाने ठरवावं लागतं. यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

राहिलं अनुदान. पंजाब-हरियाणात 2018पासून केंद्राच्या योजनेत पेंढा हाताळणाऱ्या यंत्रांना वैयक्तिक शेतकऱ्यासाठी 50 टक्के आणि भाडेतत्त्वावरच्या केंद्रांना 80 टक्के मदत मिळाली. यंत्रं आली, पण पेंढा जाळणं बंद झालं नाही. भात निघणं आणि गहू पेरणं यांत इतके थोडे दिवस असतात की यंत्राची पाळी येईपर्यंत काडेपेटी निघते. आपल्याकडे रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफवर, सोयाबीन पेरायचं चांगलं चाललंय. पावसाने ताण दिला तर ओल टिकते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे समजावून सांगायची गरजच उरलेली नाही. अडचण अशी की गावच्या अवजार बँकेत यंत्र एक, आणि जूनमध्ये वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, सगळ्या शिवाराला एकाच दिवशी येतो. पहिल्या चार जणांचं पेरून होईस्तोवर पुन्हा ढग भरून येतात. पाचवा माणूस आभाळाकडे बघतो, शेजारच्याचं साधं पेरणी यंत्र बोलावतो आणि सपाट रानात पेरून मोकळा होतो.