चोडणचा चिखल आणि चारशेची लेन्स

गोव्यात चोडणला पक्ष्यांचे फोटो काढायला निघालेल्या माणसाच्या पाठपिशवीत चारशे मिलिमीटरची लेन्स असते, दोन जादा बॅटऱ्या असतात, टोपी असते, पोदेराकडून घेतलेले दोन पाव असतात. पंचांग नसतं. आणि तिथेच सगळं फसतं.

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवीला लागून आहे. क्षेत्रफळ 1.78 चौरस किलोमीटर, घोषणा 1988 सालची. एवढासा तुकडा, तोही पणजीच्या कुशीत, त्यामुळे सकाळी जाऊन न्याहारीला परत, असा बेत ठरतो. पण हे खारफुटीचं रान दिवसातून दोनदा पाण्यात उभं राहतं आणि दोनदा चिखलात. कधी काय, ते चंद्र ठरवतो. आपली रविवारची सुट्टी त्याला कोणी कळवलेली नसते.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, ओहोटी भर दुपारी बारा वाजता. शिवाय तेव्हा भांग, म्हणजे पाणी जेमतेम हलतं आणि चिखल धड उघडा पडत नाही. अष्टमीला गेलेला माणूस डोक्यावर ऊन घेऊन पाण्याचे फोटो काढतो. तृतीयेला मात्र भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या आसपास. पुनवेचं किंवा अवसेचं उधाण अजून ओसरलेलं नसतं, पाणी दोनेक मीटर खाली जातं, चिखल मोकळा आणि ऊन तिरपं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली द्वितीया-तृतीया बघावी आणि रजेचा अर्ज त्यावरून लिहावा. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाइलवरचा भरतीचा तक्ताही बघावा. पण बॉसला तृतीया हे कारण सांगितलं की तो सहसा पुढे काही विचारत नाही.

रायबंदरच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत घालायचा मोह आवरा. अभयारण्याचं दार चोडणच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. गाडीवाले रांगेत उभे असतात आणि पायी जाणारा त्यांच्याकडे मान वर करून बघत बोटीत चढतो. आयुष्यात असे प्रसंग फार येत नाहीत.

गाडीत एसी लावून आलात तर आणखी एक गंमत होते. थंड लेन्स बाहेरच्या दमट हवेत आली की काचेवर धुकं धरतं आणि पुसलं तरी पुन्हा धरतं, कारण काच थंडच असते. हॉटेलच्या खोलीतून निघतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावं. दव पिशवीवर बसतं, आतला कॅमेरा वीस-तीस मिनिटांत बाहेरच्या उष्म्याला येतो. पिशवी उघडायची घाई करणाऱ्याला पहिल्या खंड्याचा फोटो धुक्यात मिळतो. त्याला तो 'कलात्मक' म्हणतो.

आता चिखल. खारफुटीच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिथल्या जिवाणूंचा कारभार गंधकावर चालतो आणि पाऊल रुतलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवा नाही म्हणूनच तिवराची मुळं खालून वर येतात आणि बोटभर उंचीच्या खुंट्या करून श्वास घेतात. त्यांवर पाय देऊ नये. झाडाला इजा होते आणि तळव्यालाही. खडकाला आणि मुळांना चिकटलेली कालवं तर पात्यासारखी धारदार असतात. सरळ सांगायचं तर पायवाट सोडूच नये. तरी काठावर पाय रुतलाच, तर तो सरळ वर ओढला की चप्पल खालीच राहते, कारण तळाशी पोकळी धरलेली असते. आधी टाच हलवून सैल करावी, हवा आत शिरू द्यावी, बोटं खाली वळवावी आणि मग पाय मागे काढावा. चिखलात गेलेली चप्पल शोधू नये. ती आता अभयारण्याची मालमत्ता.

ओहोटीला इथले खरे यजमान निवट्या. मासे असून चिखलावर चालतात, उड्या मारतात, एकमेकांच्या अंगावर धावून जातात. माणूस आला की सगळ्या बिळात. तीन-चार मीटरवर बसा, दहा मिनिटं हलू नका. आधी डोळे वर येतात, मग बाकीची निवटी. कॅमेरा शक्य तितका खाली धरा. उभ्याने काढलेल्या फोटोत निवटी म्हणजे चिखलाचा एक गोळा दिसतो, आणि 'यात मासा कुठाय?' हा प्रश्न घरोघर विचारला जातो. आपोआप फोकस होणाऱ्या कॅमेऱ्याला निवटीपेक्षा तिवराची खुंटी जास्त आवडते, म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेवावा. शेजारी एकच नांगी भलीमोठी असलेला खेकडा ती उंचावून हलवत असतो. तो नर. खुणावतोय मादीला, तुम्हाला हात करत नाहीये.

खंड्यासाठी उडता पक्षी शोधत फिरू नये. पांढऱ्या गळपट्टीचा असो की काळ्या टोपीचा, तो त्याच त्याच फांदीवर परततो. खाली पांढरी शिंतोडी दिसली की फांदी तीच. फोकस तिथे लावून ठेवा, शटर 1/2000 वर. बगळ्याचं गणित वेगळं: मागे काळपट तिवर असलं की कॅमेरा सगळं चित्र उजळवतो आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या डागात विरघळतात, म्हणून उजेडाची भरपाई (कॅमेऱ्यातलं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) उणे 1 वर न्यावी. चकाकणाऱ्या चिखलावर काळपट पक्षी असेल तर उलट, अधिकात.

होडीची भानगड अशी की चिखल बघायला ओहोटी हवी आणि होडीला भरती. ओहोटीला होडीवाला आतल्या चिंचोळ्या पाण्यात शिरायला तयार नसतो. 'पात्रांव, सुकती लागल्या. आतां भितर गेल्यार सांजेमेरेन थंयच.' म्हणजे ओहोटी लागलीय, आता आत गेलं तर संध्याकाळपर्यंत तिथेच. तो बरोबर सांगत असतो. पाणी परत चढू लागलं की तासा-दीड तासाने निघावं. चढतं पाणी किनाऱ्यावरच्या तुतवार पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणतं आणि होडीही अडकत नाही. तोवर ऊन कडक होतं, त्याला इलाज नाही. होडीत ट्रायपॉड उभा करणाऱ्यांबद्दल मला विशेष कुतूहल आहे. इंजिनाची थरथर तीन पायांतून थेट लेन्सपर्यंत पोचते. हातात धरावं, कोपर बरगडीला टेकवावं आणि इंजिन बंद करायला सांगावं. मग होडी हळूच गोल फिरते आणि पक्षी बरोबर पाठीमागे जातो.

वाटेत कोणीतरी हमखास विचारतं, 'मगर दिसली?' मांडवी-जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या पाण्यात मगरी आहेत. तिकडे बोरीच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, तर पौषी अवसेला चिखलाची मगर करून पुजतात. दिवसभरात वीस जातींचे पक्षी टिपले तरी मगर नाही म्हटल्यावर समोरचा 'अरेरे' म्हणतो आणि पाव मागतो.

डासांसाठी मलम लावाच, पण डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम प्लास्टिक आणि रबर विरघळवतं. लावून झालं की तळहात ओल्या फडक्याने नीट पुसावेत, नाहीतर कॅमेऱ्याची पकड चिकट होते आणि तशीच राहते. दुधाळ चीक निघणारी फांदी मोडू नये. खारफुटीत एक झाड असं आहे ज्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं.

घरी आल्यावर लेन्स सदऱ्याच्या टोकाने पुसणाऱ्याचे हात धरावेत. वाळलेल्या मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवावेत, मग किंचित ओल्या मऊ फडक्याने टिपावं. कॅमेरा तांदळात पुरू नये, तांदळाची भुकटी बटणांत शिरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हाच उपाय, कारण गोव्याच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशीचं जाळं सहज पसरतं. निळी खडी गुलाबी झाली की ओलावा भरला. मंद आचेवर भाजली की पुन्हा निळी होते. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा त्यासाठी वेगळा जुना तवा ठेवावा, त्यावर 'कॅमेरा' असं रंगाने लिहावं आणि घरात सर्वांना दाखवून ठेवावा, विशेषतः रविवारी घावणे करणाऱ्यांना.