एक पार्टिशन बदललं म्हणून सगळंच पुन्हा तपासायचं?

विमानाच्या संगणकातलं एक ॲप्लिकेशन बदललं की सगळ्यांचीच फेरचाचणी करावी लागते, असं एका लेखात सरसकट म्हटलंय. एरिंक ६५३ या विमान-सॉफ्टवेअरच्या मानकातली पार्टिशन पद्धत (प्रत्येक ॲप्लिकेशनला मेमरी आणि वेळेचा स्वतंत्र कप्पा) नेमकी हेच टाळण्यासाठी आहे, मात्र ते आपोआप होत नाही. प्रत्येक पार्टिशनची बायनरी, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेली फाइल, स्वतंत्रपणे लिंक आणि लोड करता आली पाहिजे. सगळं एकाच एकत्रित फाइलमध्ये (इमेजमध्ये) बांधलंत, तर एका फंक्शनचा आकार वाढताच पुढचे पत्ते सरकतात आणि हात न लावलेल्या कोडचाही चाचणीचा जुना पुरावा बाद होतो. म्हणून नवा बिल्ड झाला की आधी बाकीच्या बायनरी जुन्यांशी बाइट-बाइट ताडून पाहा.

वेळेचंही तसंच. समजा, ५० मिलिसेकंदांच्या मेजर फ्रेममध्ये (वेळापत्रकाच्या पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या चक्रात) पार्टिशनला १० मिळालेत आणि वर्स्ट केस, म्हणजे जास्तीत जास्त लागणारा वेळ, ९.८ आहे. पुढच्या सुधारणेत वाटा वाढवावाच लागणार, शेजाऱ्यांचं वेळापत्रक हलणार आणि फेरचाचणी सगळ्यांच्या गळ्यात पडणार. पहिल्या आवृत्तीत ७ च्या वर जाऊच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मल्टिकोअरवर, म्हणजे एकाच चिपमध्ये अनेक प्रोसेसर (कोअर) असतील तिथे, कॅश आणि मेमरी बस सामायिक असतात, त्यामुळे दुसऱ्या कोअरवरचा बदलही आपलं वर्स्ट केस वाढवू शकतो. तिथे टायमिंग पुन्हा मोजायलाच हवं.

आणि कंपायलर मधेच बदलू नका. त्याने तयार होणारा मशीनचा कोड, म्हणजे ऑब्जेक्ट कोडच बदलतो. डीओ-१७८सी या विमान-सॉफ्टवेअरच्या प्रमाणनाच्या मानकातल्या लेव्हल ए या सर्वात कडक पातळीसाठी सोर्समध्ये थेट न सापडणारा ऑब्जेक्ट कोड मग नव्याने पडताळावा लागतो.