मानमोडी हे नाव कुणी ठेवलं?

गेल्या महिन्याभरात आमच्या उत्तर सोलापूर तालुक्यातल्या वस्त्यांवर एकच मेसेज फिरतोय. बचत गटाच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला, काल माहेरहून मोहोळकडनं वहिनीनेही पाठवला. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

‘गावरान कोंबडीला रोग होत नाही. आजीने कधी लस दिली नाही, तरी अंगणभर कोंबड्या होत्या. लस दिली की अंडी बंद होतात, पिल्लं मरतात, गावरानपण जातं. मर आलीच तर लसूण-हळद पाजा आणि माणसाची एक कॅप्सूल पाण्यात टाका. मेलेली कोंबडी लांब ओढ्याला फेका. रात्री कोंबड्या लिंबावर बसू द्या. दारात कुत्रं असलं की मुंगूस, बाऊल (रानमांजर) फिरकत नाही.’

मी बारा वर्षं वस्तीवर कोंबड्या पाळते. यातल्या प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवून मी कधी ना कधी कोंबड्या गमावल्या आहेत, म्हणून एकेकाला उत्तर देते.

पहिलं, ‘गावरानला रोग होत नाही’. गावरान कोंबडी काटक असते, हे मलाही मान्य आहे. ऊन सोसते, उकिरडा उकरून पोट भरते, बॉयलरसारखी नाजूक नसते. पण मला एक सांगा, मानमोडी हे नाव कुणी ठेवलं? डॉक्टर त्या रोगाला राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात तो १९२७ च्या सुमाराला हिमालयातल्या राणीखेत गावी प्रथम नोंदला गेला. मानमोडी हे मात्र आपल्या बायाबापड्यांनी दिलेलं नाव आहे. त्यांनी कोंबडीची मान पिरगळलेली पाहिली, म्हणून तसं नाव पडलं. तेव्हा दारात गावरानच कोंबड्या होत्या, दुसरी जात होती कुठं? आजीच्या तोंडी ‘यंदा मर आली’ हे वाक्य सणवारासारखं दरसाल यायचं. कोंबड्या मरत होत्याच. मोजत कोणी नव्हतं, एवढंच.

मोजणार कसं? बैल मेला तर घरात चार दिवस चूल धड पेटत नसे. कोंबड्या मेल्या तर तो बाईचा तोटा. अंड्याचे पैसे तिचे, त्यातनं मिठामिरचीला, पोराच्या वहीला, माहेरी जायच्या एसटीला भागायचं. त्याचा हिशोब वहीत कधी चढला नाही, म्हणून तो तोटाही कुणाच्या आठवणीत राहिला नाही. मर सरली की उरलेल्या दोन-तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, पुन्हा वाढायच्या, खुडूक (अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसणारी कोंबडी) बसवली की एकवीस दिवसांनी अंगण पुन्हा भरायचं. आज आपल्याला आठवतं ते भरलेलं अंगण. मधली रिकामी डालगी कुणाला आठवत नाहीत. माझ्या आजीची मला आठवतात, म्हणून या वाक्याचा मला राग येतो.

रोगाची ओळख सांगते, कारण मेसेजमध्ये ती कुठेच नाही. कोंबडी पेंगते, पंख पाडून बसते. हिरवट-पांढरी हगवण लागते. चोच उघडी ठेवून श्वास घेते, घरघर ऐकू येते. वाचली तर मान वाकडी होते, पाय लुळे पडतात. बिनलसीच्या कळपात शिरला तर हा रोग बहुतेक सगळ्या नेतो. आमच्याकडे मी तो जास्त करून मार्च ते मे मध्ये आणि पाऊस लागतालागता पाहिला आहे. सुट्टीला पोरं येतात, लग्नसराई असते, पुढे आखाडात देवीला कोंबडं लागतं. बाजारात सर्वांत जास्त कोंबड्या हलतात त्याच दिवसांत.

आणि इथंच मला सगळ्यात कडक बोलायचं आहे. रोग वाऱ्यावर येतो असं आपण म्हणतो. माझ्या दारात तो मी स्वतः पिशवीत घालून आणला. बाजारातनं एक देखणा तुऱ्याचा कोंबडा घेतला आणि त्याच संध्याकाळी घरच्या कोंबड्यांत सोडला. आठवड्याच्या आत सतरातल्या अकरा गेल्या. कोंबडा विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण आपणही तेच करतो. पहिली कोंबडी पेंगली की ‘बाकीच्या मरायच्या आधी विकून टाक’ असा सल्ला घरोघर मिळतो. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत साधारण दोन दिवस ते दोन आठवडे जातात, बहुतेक वेळा पाच-सहा दिवस. तेवढ्यात धडधाकट दिसणारी कोंबडी चार गावं फिरून येते. म्हणून विकत आणलेलं कोंबडं किमान पंधरा दिवस, जमलं तर तीन आठवडे, घरच्यांपासून लांब डालायचं. त्याचं पाणी वेगळं, दाणे वेगळे, आणि आधी घरच्यांना घालून मग त्याच्याकडे जायचं. पेंगणारी घरात असेल तर बाजाराला एकही न्यायची नाही. शेजारणीच्या अंड्याचे पैसे बुडवून आपले वाचवायचे नाहीत.

आता लस. ‘लस दिली की पिल्लं मरतात’ हे बोलणं हवेतनं आलेलं नाही. लस दिल्यावर पिल्लं मेलेली लोकांनी खरंच पाहिली आहेत, म्हणून त्याची कारणं नीट सांगायला हवीत.

राणीखेतच्या दोन लसी आपल्याकडे चालतात. लासोटा सौम्य असते, ती पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकतात, चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा देतात. दुसरी आर-टू-बी, हिमालयातल्याच मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात तयार झालेली. ती जोरकस आहे, आठ आठवड्यांच्या पुढच्या कोंबडीला कातडीखाली टोचतात. आता एकच बाटली आणून कुणी दहा दिवसांच्या पिल्लालाही आर-टू-बी टोचली, तर पिल्लू लुळं पडून मरू शकतं. त्यात लसीचा दोष नाही, वयाची चूक आहे.

दुसरं कारण, घरात मर सुरू झाल्यावर धावत जाऊन लस आणली जाते. अंगात रोग शिरलेला असतो आणि लसीचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कोंबडी रोगाने मरते, नाव लसीवर येतं.

तिसरं कारण आमच्या सोलापूरच्या उन्हाचं. ही जिवंत विषाणूची लस असते, तिला दोन ते आठ अंश थंडावा लागतो. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, आणि बाटली शर्टाच्या खिशात घालून मोटारसायकलवर वीस किलोमीटर आणली तर आत उरतं नुसतं पाणी. ते टोचलं म्हणून कोंबडी वाचत नाही, आणि माणूस म्हणतो ‘लस देऊनही मेल्या’. थर्मासमध्ये बर्फ घालून आणावी, सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर द्यावी, कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. आजारी कोंबडीला देऊ नये.

अंडी बंद होण्याचं म्हणाल, तर अंड्यावरच्या कोंबडीला जोरकस लस टोचली की काही दिवस अंडी कमी होतात, हे खरं आहे. म्हणूनच तलंग अंड्यावर यायच्या आधी टोचून घ्यायची. पण पुष्कळदा कोंबडी खुडूक झालेली असते आणि आपण लसीला बोल लावतो. ‘गावरानपण जातं’ याला मात्र मी उत्तर देणार नाही. एका थेंबाने जात बदलत नाही.

कोंबड्यांच्या देवी रोगाचंही असंच. तुऱ्यावर, डोळ्याभोवती फोड येतात, डोळे मिटतात, पिल्लू दाणे टिपू शकत नाही. डास तो पसरवतात. सहाव्या-आठव्या आठवड्यात पंखाच्या पडद्यात टोचून घेतात, एवढं पुरतं.

लसूण-हळदीशी माझं भांडण नाही. आजीच्या हातचं पुष्कळ मीही करते. चुलीची राख खड्ड्यात घालून कोंबड्यांना अंघोळ करू देते, त्याने अंगावरच्या उवा कमी होतात. खुराड्याच्या भिंतीच्या फटी चुन्याने बुजवते, कारण त्यात दडलेल्या गोचिडी रात्री रक्त पितात. दोन-तीन महिन्यांनी पाण्यातनं जंताचं औषध देते. पण मानमोडीवर लसूण चालत नाही, आणि माणसाची कॅप्सूल तर मुळीच नाही. ती जिवाणूंवरचं औषध आहे, मानमोडीचा विषाणू तिला दाद देत नाही. शिवाय तेच औषध अंड्यातनं आपल्या पोरांच्या पोटात जातं.

मेलेली कोंबडी ओढ्याला फेकणं म्हणजे रोग पुढच्या वस्तीवर पोचता करणं. कुत्री ओढतात, कावळे पिसं नेतात. पेंगती कोंबडी ‘वाया जायला नको’ म्हणून कापली, तरी पिसं, आतडी आणि धुतलेलं पाणी अंगणातच पडतं आणि उरलेल्या तिथंच चरतात. कुत्र्याला उकरता येणार नाही असा खोल खड्डा घ्या, तीनेक फूट, वर चुना टाका, मग माती. आणि एका दिवसात बऱ्याच मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, १९६२ ला फोन लावा. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. २०२१ च्या जानेवारीत परभणीकडच्या मुरुंब्यात पुन्हा निघाला. मानमोडी की बर्ड फ्लू, हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

राहिलं लिंबाचं झाड आणि कुत्रं. कोंबडीला अंधारात दिसत नाही. फांदीवर बसली की मोकाट कुत्र्यापासून वाचते, पण बाऊल झाडावर चढतं, घुबड वरनं येतं, आणि चैत्रात अवकाळी गारा पडल्या तर सकाळी झाडाखाली काय पडलेलं असतं ते मी पाहिलं आहे. आमच्याकडे ऊस तुटून गेला की बाऊल वस्तीकडे सरकतं. नान्नजच्या माळाकडच्या वस्त्यांवर खोकडही येतं. मुंगूस तर रात्री येतच नाही, तो दिवसाचा प्राणी. भर दुपारी, कुत्रं सावलीला जीभ काढून पडलेलं असताना, तो पिल्लं उचलतो. घारही दिवसाचीच. म्हणजे कुत्रं राखणीला असलं तरी ज्या वेळेला हवं त्या वेळेला ते जागं असेलच असं नाही. आणि शेजारचं मोकाट कुत्रं तर माझ्या पाहण्यात मुंगसापेक्षा जास्त कोंबड्या मारतं.

कोंबडीची म्हणून मिळणारी बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. ते दातांनी फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, महाग पडते, पण त्यातनं मुंगूस, घूस आणि बहुतेक साप आत येत नाहीत. फूटभर जमिनीत गाडा, कारण शत्रू खालनं उकरतो. वर पत्रा घालायचा तर त्यावर पाचट किंवा कडबा टाका, नाहीतर मे महिन्यात कोंबड्या उकाड्यानेच जातील. दिवस मावळला की मोजून डाला. अंडी संध्याकाळीच उचला, त्यांच्यावर साप येतो. रात्री दाणे सांडलेले ठेवू नका, घूस येते. पिल्लांना पहिले पाच-सहा आठवडे जाळीच्या सावलीखालीच चरू द्या.

मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय, मुंगसाला विष घाला. तसं करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. शिवाय विषाचा गोळा आधी आपल्याच कुत्र्याच्या तोंडी जातो. उंदीर आणि साप मारणारा तोच मुंगूस आहे.

लसीची अडचण एकच खरी आहे आणि ती मेसेजमध्ये नाही. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते आणि आपल्याकडे असतात बारा-पंधरा. म्हणून आमच्या वस्तीवरच्या सातजणी मिळून एक बाटली आणतो. या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या ओट्यावर या. आठ आठवड्यांच्या पुढच्या कोंबड्या एका डालग्यात, लहान पिल्लं वेगळ्या डालग्यात. पेंगणारी एखादी असेल तर तिला आणू नका, तिच्याबरोबरच्या बाकीच्याही घरीच ठेवा, आणि मला आधी फोन करा.