उलाळ विमान आणि शेपटीचं चाक

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. तीन वेळा हसून सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या भाच्याकडून आला आणि सोबत एक फोटो होता. पंधरा रात्री जागून त्यानं बांधलेलं बाल्साच्या हलक्या लाकडाचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ मॉडेल विमान, माळावर पडलेलं, नाक मातीत, पंख मधोमध दुभंगलेला. खाली एकच ओळ: “मामा, मेसेजमध्ये होतं तसंच केलं होतं.”

आता मात्र हसू येत नाही.

मेसेजचं शीर्षक ‘शेपटीच्या चाकाचं गुपित, जे दुकानदार तुम्हाला सांगणार नाहीत’. रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाला मागचं चाक कसं बसवायचं याचे सहा मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. लिहिणाऱ्याचं नाव नाही. सारांश असा: मागचं चाक वळतं करायची गरज नाही, करायचंच तर रडरला (शेपटीवरचं डावी-उजवीकडे वळणारं उभं पातं) थेट तार ठोका कारण स्प्रिंगा म्हणजे लूट, चाक जितकं जास्त वळेल तितका ताबा जास्त, विमान डावीकडे ओढत असेल तर चाक कायमचं उजवीकडे वाकवून बसवा, शेपूट उचलली जात असेल तर तिथं ३०-४० ग्रॅम शिसं चिकटवा, आणि जायरो (विमान वळलं की आपोआप सावरणारं उपकरण) लावला की हे काहीच लागत नाही.

माझ्या भाच्याचं विमान पाचव्या मुद्द्यानं खाल्लं, म्हणून आधी त्याच्याकडेच वळतो. बाकीचे थांबतील.

त्याची अडचण खरी होती. थ्रॉटल दिला की शेपूट लगेच वर यायची, चाक जमीन सोडायचं आणि विमान भरकटायचं. मेसेजनं उपाय दिला शिशाचा. टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला चिकटवतात तसल्या पट्ट्या त्यानं आणल्या आणि मोजून ४० ग्रॅम शेपटीच्या चाकाजवळ लावल्या. जमिनीवर विमान खरंच शहाण्यासारखं चाललं. मग ते उडालं. उडाल्याबरोबर नाक आभाळाकडे, दोन वेळा एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं आडवं पातं) खाली देऊनही वर जातच राहिलं, वेग संपला, एक पंख पडला, खेळ खलास. आठ सेकंद. माझी बहीण व्हिडिओ काढत होती, म्हणून सेकंदही माहीत आहेत.

हिशोब करू. तो भाच्यानंही केला असता, पण हिरव्या खुणेपुढे कोण गणित मांडतो! विमान ११०० ग्रॅमचं. पंखाची रुंदी, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, २० सेंटिमीटर. सीजी, म्हणजे विमान बोटांवर तोललं तर जिथं समतोल राहतं ती जागा, पंखाच्या पुढच्या कडेपासून ५.६ सेंटिमीटरवर. म्हणजे २८ टक्क्यांवर, अगदी जिथं हवी तिथं. शेपटीचं चाक सीजीपासून ६५ सेंटिमीटर मागे. तिथं ४० ग्रॅम लावले की ४० गुणिले ६५, भागिले नवं वजन ११४०. उत्तर जवळजवळ २.३ सेंटिमीटर. सीजी एवढा मागे सरकला, २८ वरून थेट ३९ टक्क्यांवर. अशा सरळ पंखांच्या साध्या ट्रेनरचा सीजी २५ ते ३३ टक्क्यांच्या आत ठेवतात. सीजी एवढा मागे गेला की विमान वर गेलेलं नाक स्वतःहून खाली आणायला कचरतं, आणि आणखी मागे गेला तर उलट वरच नेतं. नवशिक्याच्या हातात ते सावरत नाही.

हे कळायला एरोडायनॅमिक्स लागत नाही. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला विचारा. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. तो उतरून दोन पोती पुढे घेतो. धुरजड झाली तर बैल कुरकुरतात, पण गाडी घरी पोचते. विमानाचंही तसंच आहे. नाकाशी जड झालेलं विमान उडायला कंटाळवाणं असतं, उलाळ झालेलं एकदाच उडतं.

“मग नाकातही तेवढंच वजन घालू,” असं भाचा म्हणाला. तेवढंच नाही रे बाबा. नाकात वजन लावायची जागा सीजीपासून २२ सेंटिमीटर पुढे. मागचे ४० ग्रॅम तोलायला तिथं ११८ लागतात. एकूण १५८ ग्रॅम शिसं, ११०० ग्रॅमच्या विमानावर, एका चाकाची तक्रार मिटवायला. टेलड्रॅगरला, म्हणजे मागच्या चाकाच्या विमानाला, मागे लावलेला प्रत्येक ग्रॅम पुढे असा दुपटी-तिपटीनं वसूल होतो. म्हणून मागचं चाक, तार, ब्रॅकेट, स्क्रू सगळं मिळून जितकं हलकं तितकं बरं.

आणि मूळ अडचणीवर उपाय फुकट होता. पहिला: टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, आणि धाव सुरू करताना रिमोटवरची एलेव्हेटरची काडी मागे ओढून धरायची. नाकावरच्या पंख्याचा वारा वर उचललेल्या एलेव्हेटरवर आदळतो आणि शेपटीला खाली दाबतो. वेग आला की काडी हळूहळू सोडायची. दुसरा: पुढची चाकं बघायची. भाच्याच्या विमानाची चाकं सीजीच्या जेमतेम ४ सेंटिमीटर पुढे होती. विमान तीन चाकांवर उभं असताना शेपटीवर त्यामुळे साधारण ६४ ग्रॅमचं ओझं पडतं. लँडिंग गिअरची, म्हणजे पुढच्या चाकांची, तार वाकवून चाकं आणखी २ सेंटिमीटर पुढे घेतली की तेच ओझं ९३ ग्रॅम होतं. एक ग्रॅमही न वाढवता! सीजी जागच्या जागी. फार पुढे मात्र नेऊ नका, उतरताना विमान बेडकासारखं उड्या मारतं.

हा मुद्दा ज्यानं लिहिला त्यानं मॉडेल कधी उडवलंय की नाही, मला शंका आहे. एक किलोचं बेताल विमान माणसाच्या अंगावरही येऊ शकतं. माझी बहीण तिथून वीस पावलांवर उभी होती.

आता पहिला मुद्दा. ‘खऱ्या विमानांचं मागचं चाक वळवता येत नाही, स्पिटफायर बघा.’ बघितलं. स्पिटफायरचं मागचं चाक मोकळं फिरायचं, हे बरोबर. पण वैमानिकाकडे पुढच्या दोन चाकांना वेगवेगळे लागणारे ब्रेक होते, त्यानं तो वळायचा. तुमच्या थर्माकोलच्या विमानाला ब्रेक आहेत का? मस्टँग पी-५१ घ्या. काडी मागे किंवा मध्यावर असताना तिचं मागचं चाक रडरबरोबर दोन्ही बाजूंना ६-६ अंश वळायचं, काडी पुढे ढकलली की पूर्ण मोकळं व्हायचं. पायपर कबला तर रडर आणि मागचं चाक चक्क स्प्रिंगांनी जोडलेलं असतं. म्हणजे ‘खऱ्या विमानांना नसतं’ हेही गेलं आणि ‘स्प्रिंगा म्हणजे दुकानदारांची लूट’ हेही गेलं. आपल्या विष्णु माधव घाटगे यांनी आखलेलं एचटी-२ हे १९५१ मध्ये उडालेलं विमानसुद्धा मागच्या चाकाचंच, आणि हवाई दलातली पोरं त्यावर उडायला शिकली. मागचं चाक असलेलं विमान जमिनीवर सरळ ठेवणं हा शिकायचाच विषय आहे, युक्तीनं टाळायचा नाही.

का, ते अमेरिकेच्या नागरी विमान खात्याच्या ‘एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक’मध्ये सापडेल. फुकट मिळतं, टेलव्हील विमानांवर वेगळं प्रकरण आहे. मेसेज पुढे ढकलायच्या आधी तेवढं एक प्रकरण वाचा, माझं नाही ऐकलंत तरी चालेल. गाभा असा: अशा विमानाचा सीजी पुढच्या चाकांच्या मागे असतो. त्यामुळे विमान जरा वाकडं झालं की मागचं वजन त्याला आणखी वाकडं करतं आणि आवरलं नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून पुढे जाताना ती निमूट मागून येते. रिव्हर्स घेताना हात जरा चुकला की आडवी होते. टेलड्रॅगर जमिनीवर सतत रिव्हर्समध्ये असतं असं समजा. नुसता रडर इथं पुरत नाही, कारण विमान हळू असताना रडरवर पुरेसा वारा नसतो. नेमकं त्या वेळेपुरतं मागचं चाक हवं. वेग आला, शेपूट उचलली, की त्याचं काम संपलं.

‘जास्त वळेल तितका ताबा जास्त’ हा तिसरा मुद्दा त्यामुळेच उलटा आहे. ४५ अंश वळणारं चाक म्हणजे ट्रॉली आडवी करायचं आमंत्रण. खऱ्या मस्टँगला धावपट्टीवर ६ अंश पुरायचे. मॉडेलला पूर्ण रडरला १०-१५ अंश खूप झाले. ते साधायला रडरच्या हॉर्नपेक्षा (रडरला लावलेल्या छोट्या दांड्यापेक्षा) चाकाचा आडवा दांडा लांब घ्यायचा. हॉर्नचं भोक बिजागरीपासून १५ मिलिमीटरवर आणि दांड्याचं ३० वर असेल, तर रडर ३० अंश फिरला की चाक साधारण साडेचौदा अंश फिरतं. उलट केलंत तर मेसेजवाल्यांसारखी भिंगरी मिळेल.

दुसऱ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. पाचशे-सहाशे ग्रॅमच्या आतल्या फोमच्या विमानाला रडरच्या खालच्या टोकात तार घुसवून तिला चाक लावलं तरी चालतं. मीही केलंय, दोन विमानं वर्षभर तशीच उडवलीयत. अट एवढीच, की चाकाच्या तारेचा उभा आस रडरच्या बिजागरीच्या रेषेतच यायला हवा, नाहीतर रडर अडकतो. पण त्याहून मोठ्या विमानात चाकाचा भार रडरवर टांगणं मूर्खपणा आहे. उतरताना चाक ढेकळावर आपटलं की तो धक्का थेट सर्व्होपर्यंत, म्हणजे रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरपर्यंत, जातो. ९ ग्रॅमच्या सर्व्होतले प्लॅस्टिकचे दात किती तग धरणार? एक दात गेला आणि लक्षात आलं नाही, तर पुढच्या उड्डाणात रडर नुसता लोंबकळतो. अशा विमानात ब्रॅकेट फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला), आतून प्लायची चकती चिकटवून त्यात स्क्रू, आणि चाक ते रडर या मध्ये दोन्ही बाजूंना हलक्या ताणाच्या स्प्रिंगा. चाक सरळ असताना दोन्ही जेमतेम ताणलेल्या. फार घट्ट केल्या तर सर्व्हो बसल्या जागी कण्हत राहतो. बॉलपेनमधली स्प्रिंग नको, ती दाबाची असते, ओढून वापरली की सैल पडते. (आणि हॉट ग्लू! एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचा हॉट ग्लू काय करतो, ते एकदा बघाच. इपॉक्सी वापरा.)

चौथा मुद्दा, चाक उजवीकडे वाकवून बसवण्याचा, वाचून मी चहा बाजूला ठेवला. विमान डावीकडे ओढतं हे खरं, कारण पंख्याचा पिळदार वारा शेपटीच्या उभ्या पात्यावर एका बाजूनं आदळतो, आणि शेपूट उचलली जाते त्या क्षणी फिरत्या पंख्याचा भोवऱ्यासारखा झटकाही त्याच बाजूला बसतो. पण पिळदार वाऱ्याचा जोर थ्रॉटलबरोबर बदलतो आणि तो झटका येतो तेव्हा चाक जमिनीवरच नसतं. मग वाकवलेलं चाक कशाच्या कामाचं? उतरताना थ्रॉटल बंद, डावीकडची ओढ नाही, चाक मात्र उजवीकडे तोंड करून बसलेलं, विमान उजवीकडच्या झुडपात. ओढ रडरनं सांभाळायची असते, अंगठ्यानं, थ्रॉटल हळू देत.

जायरोबद्दल दोन वाक्यं. जायरो रडर हलवतो. रडरवर वारा नसेल आणि त्याला चाकही जोडलेलं नसेल, तर जायरो हवेत हातवारे करत बसेल.

अजून एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण कोणी विचारेल म्हणून सांगतो. तुमच्या माळावर गुडघाभर गवत असेल तर छोटं मागचं चाक गुंतून बसतं. तिथं जुन्या टायगर मॉथसारखी साधी घसरती पट्टी बरी. म्हणजे मागचं चाक सगळीकडे हवंच असं माझंही म्हणणं नाही.

भाच्याचा पंख आम्ही काल चिकटवला. शिशाच्या पट्ट्या त्यानं काढल्या, लँडिंग गिअरची तार पक्कडीनं पुढे वाकवली, आणि सीजी बघायला विमान दोन्ही तर्जन्यांवर तोलून धरलं. नाक किंचित खाली गेलं. “मामा, थोडं धुरजड आहे,” तो म्हणाला. म्हटलं, असू दे. रविवारी नेऊ.